थाळीनं ऐकलेलं

त्या जुन्या फिल्ममधली एक बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली होती, आणि रोशनीचं कुतूहल पहिल्यांदा अडकलं ते तिच्यातच. बाकी सगळे समोर बघत होते. मध्ये जिव्याबाबा थविल, म्हणजे रोशनीच्या सासऱ्यांचे आजोबा, मांडी घालून बसलेले. पुढ्यात काशाची थाळी, थाळीच्या मधोमध मेणाने उभी चिकटवलेली वाळकी काडी, आणि थाळी गुणगुणावी म्हणून त्या काडीवरून खाली सरकणारी त्यांची बोटं. भोवती रोशनीच्या सासरची, कुकडमाळची माणसं, मागे पांढरशीळचा डोंगर. आणि डाव्या कडेला ही बाई, पाठमोरी.

इंग्रज अमदानीतल्या कुणा बंदूकवाल्या जंगल-साहेबाने दांडा फिरवायच्या कॅमेऱ्यावर घेतलेली ती मूकफिल्म. मध्येच येणारी पाटी सांगत होती, ‘जमातीचा मांत्रिक. स्त्रिया भुताच्या भयाने तोंड फिरवतात.’

“भ्यालेली बाई अशी खांदे सैल सोडून बसते का गं?” रोशनीने मांडीवरच्या रुनूला विचारलं. रुनूला दात येत होते. ती हेडफोनची वायर मन लावून चावत होती.

रोशनी कोकणा समाजातली, गुजरातच्या डांगाला लागून असलेल्या सुरगाण्याच्या बाजूची. माहितीपट करायची. कॅमेरा नेहमी बाहेरून आला, बघून गेला आणि मग ‘तुम्ही कोण’ हे आपल्यालाच शिकवू लागला, याचा तिला शाळेच्या वयापासून राग होता. म्हणून वसतिगृहात असतानाच तिने तो हातात घेतला. लग्नानंतरही सोडला नाही. रुनू झाल्यावर तेवढं वेळेचं गणित बदललं. आता संकलन व्हायचं ते पोर झोपली की, आणि पोर झोपली की दुसरंही काहीतरी करायचं राहिलेलंच असायचं.

पण ही फिल्म सोडून देण्यासारखी नव्हती. पांढरशीळच्या डोंगरावर एका कंपनीला हवेतला कर्ब शोषून घेणारे मनोरे उभारायचे होते. जगाची हवा स्वच्छ होणार होती, फक्त डोंगर कुकडमाळचा जाणार होता. गावाने दावा लावला. कंपनीने पुरावा म्हणून हीच फिल्म पुढे केली. पण आता ती मुकी नव्हती. परदेशातल्या ज्या संग्रहालयाकडे ती होती, त्यांनी नव्या यंत्राने तिला आवाज मिळवून दिला होता. त्यात जिव्याबाबा शुद्ध, गुळगुळीत मराठीत म्हणत होते, “सरकार मायबाप, हा डोंगर आम्ही आपल्या स्वाधीन करतो. आम्ही खाली उतरतो.”

टीव्हीवर पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा रोशनीचे सासरे, लहानूबाबा, उठून टीव्हीजवळ गेले होते. मग म्हणाले, “माझा आजा असा बोलत नव्हता. तलाठी असा बोलतो.”

*

नसरीन पुण्याच्या एका ध्वनी-प्रयोगशाळेत होती. वसतिगृहातली रोशनीची खोलीसोबतीण. रोशनीने फोन केल्यावर ती आपलं यंत्र, तुपाच्या डब्याएवढी पेटी, घेऊन थेट कुकडमाळला आली आणि ओट्यावर बसून तिने आधी रुनूचे गालगुच्चे घेतले.

“मुक्या फिल्ममधून आवाज येतो कसा, ते आधी सांग,” रोशनी म्हणाली. “जादू आहे म्हणू नकोस.”

“जादू नाही. थरथर आहे.” नसरीनने पडद्यावर काडी मोठी करून दाखवली. “आवाज म्हणजे हवेची थरथर. तू बोललीस की जवळची प्रत्येक वस्तू हलते. पानं, कापड, पाण्याचा हंडा. इतकी कमी की डोळ्याला दिसत नाही, पण चित्रात उमटते. आता या कॅमेऱ्यात एक फिरती चकती असायची. ती प्रत्येक चित्र एकदम उघडत नाही, वरून खाली सरकत उघडते. म्हणजे काडीचा शेंडा आधी टिपला जातो, बुंधा किंचित नंतर. मधल्या वेळात काडी थरथरली, तर सरळ काडी चित्रात कशी दिसेल?”

रोशनीने डोळे बारीक केले. काडी अगदी हलकी नागमोडी होती.

“ती नागमोड म्हणजे आवाज. लिहून ठेवलेला,” नसरीन म्हणाली. “आणि थाळी म्हणजे तर नुसता पसरलेला कान. जवळ कुणी बोललं की ती थरथरणार, काडीला हलवणार. थाळीची स्वतःची गुणगुण वजा केली की खाली माणसांचे आवाज उरतात.”

“मग संग्रहालयाचं चुकलं कुठं?”

“चकती अर्धा वेळ बंद असते ना. तेवढा वेळ कॅमेरा आंधळा. म्हणजे आवाज मिळतो तो तुकड्यातुकड्याने, चाळणीतून पडल्यासारखा. मधल्या फटी यंत्र अंदाजाने भरतं. जी भाषा त्याला शिकवलेली असते, त्या भाषेने. यांनी शिकवली सरकारी दप्तरांची मराठी. मग फटीत दप्तरच येणार.” तिने पडद्यावर शब्द उमटवले. खरोखर ऐकू आलेले पांढरे, अंदाजाचे राखाडी. सगळ्या वाक्यात पांढरी अक्षरं इकडेतिकडे सांडलेल्या तांदळाएवढी होती.

“आपण आपली भाषा शिकवली तर?”

“तर आपल्या भाषेत भरेल. पण काय बोलत असतील ते, कशा प्रकारचं, ते तुला माहीत हवं.”

ते रोशनीला माहीत होतं. कुकडमाळच्या कुणालाही असतं. थाळी समोर आहे, काडीवर बोटं फिरताहेत, म्हणजे कथा चाललीय. कणसरीची कथा. धान्याची देवी रुसून डोंगरावर जाते आणि माणसं तिला परत आणतात ती. थाळीवर दुसरं काय सांगणार?

*

पण कथा यंत्राला द्यायची तर ती कुणीतरी सांगायला हवी, आणि सांगणारे एकटे लहानूबाबा उरले होते.

“कुणी मेलंय का?” त्यांनी विचारलं.

“नाही बाबा.”

“डोंगऱ्यादेवाचा सण आहे का?”

“नाही.”

“मग कथा कशाला? उगाच सांगायची गोष्ट आहे का ती? बोलावली का येते, मग तिला परत कोण धाडणार?”

मनोहर, रोशनीचा नवरा, ग्रामसभेकडून दावा तोच लढवत होता. तो म्हणाला, “बाबा, डोंगरच गेला तर कथा सांगणार कठं?”

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अंगण सारवून घेतलं, थाळी राखेने घासली, नागलीच्या दाण्यांची रास मांडली आणि रोशनीला म्हणाले, “लाव तुझी डबी. पण ही पेटी अठून बाहेर जायची नाही.”

“बाहेरच्या कशालाच जोडलेली नाही, बाबा. जे शिकेल ते हिच्याच पोटात राहील,” नसरीनने सांगितलं.

ते दुपार कलेपर्यंत सांगत होते. त्यांचा आवाज बसला. शेवटी त्यांनी काडी काढली, आणि अवेळी बोलावलेल्या देवीची माफी मागून राशीतला एकेक दाणा कोंबड्यांना घातला.

संध्याकाळी पेटीतून जिव्याबाबा बोलले. त्यांच्याच भाषेत. कणसरी रुसली, पांढरशीळवर चढली, माणसं मागे गेली, म्हणाली, हा डोंगर तुझा, आम्ही तुझे. अंगणात बसलेल्या बायका पदराने डोळे पुसू लागल्या. मनोहरने तर रोशनीला सगळ्यांदेखत उचलायचंच बाकी ठेवलं.

“डोंगराचं नाव घेतलंय बघ! त्या काळात! आता बोलेल का कंपनीचा वकील?”

*

दुसऱ्या दिवशी रुनूला पायावर झोके देत रोशनी फिल्म पुन्हा लावून बसली. सगळं इतकं चांगलं जुळलं होतं की तिला काही केल्या चैन पडेना. ती पाठमोरी बाई अजून तशीच होती. देवीची कथा चालू असताना बाई पाठ का करेल?

पेटीच्या पडद्यावर अंदाज कमी-जास्त करायची पट्टी होती. रोशनीने ती बोटाने खाली ओढत पार शून्यावर आणली. राखाडी शब्द गेले. कथा गेली. उरले नुसते पांढरे तुकडे, खरखर, एखादा स्वर, एखादं ‘रं’.

आणि मध्येच एक हसू.

तिने पुन्हा ऐकलं. पाचसहा माणसांचं, तोंडावर हात दाबून हसल्यासारखं. रुनूनेही मान वळवली; तिला हसणं ओळखता येत होतं.

“नसरीन, जरा ये,” रोशनीने हाक मारली. “कणसरी रुसून गेली तिथं कुणी हसत नाही गं. पोरंसुद्धा नाही.”

नसरीनने डोळे मिटून ऐकलं. “आपण कथा शिकवली म्हणून त्याने कथा म्हणून दाखवली. संग्रहालयाने दप्तर शिकवलं, तर दप्तर.”

“म्हणजे आपणही तेच केलं. त्यांच्या तोंडात शब्द घातले.” रोशनीने पट्टी तशीच शून्यावर ठेवली. थाळी दिसली की कथाच, असं मानून चालणं कुणा परक्याला सुचलंच नसतं. ही चूक आपल्याच माणसांनी करावी अशी होती.

मनोहरला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. “सुनावणी तोंडावर आलीय, रोशनी! आधी जिंकू दे ना. खरंखोटं मागाहून बघू.”

“संग्रहालयपण असंच म्हणालं असेल.”

“त्यांचं नि आपलं सारखं का? तो माझा पणजा आहे.”

“म्हणूनच. तुझा पणजा हसत होता, मनोहर, आणि आपण त्याला रडवलं. तो काय बोलला ते जाणून नाही घ्यायचं तुला?”

“आणि काही भलतंच बोलला असला तर?”

खरंच भलतं असतं तर डोंगर गेला असता, आणि तो तिच्या हट्टापायी गेला असता. हे तिला ठाऊक होतं, मनोहरलाही. तरी तिला राहवेना.

*

यंत्राला आता साधं बोलणं हवं होतं. हाका, भांडणं, चेष्टा, पोरांना दटावणं. ते कुठून आणायचं? माणसांना कॅमेऱ्यासमोर ‘साधं बोला’ म्हटलं की ती भाषण करतात, हे रोशनीला धंद्याने शिकवलेलं.

मग तिला पाळण्याची आठवण झाली. रुनू जन्मल्यापासून पाळण्याला एक छोटा माईक बांधलेला होता, पोर रडली तर परसात ऐकू यावं म्हणून. महिन्यांमागून महिने घरातलं सगळं त्यात साठत गेलं होतं. बाबांचं बैलांशी बोलणं. शेजारणीची गाऱ्हाणी. रोशनीने बाळाला सांगितलेली खुळी गुपितं. आणि मनोहरशी झालेलं ते भांडण, ज्यात ती म्हणाली होती की आई झाले म्हणून मी संपले असं समजू नकोस, आणि तो असं काही म्हणाला होता, जे दोघांनी पुन्हा कधी काढलं नव्हतं.

“तेही द्यायचं?” मनोहरने खालच्या आवाजात विचारलं.

“सगळं. चिडल्यावर माणूस कसा बोलतो, तेपण त्याला कळायला हवं ना.”

तो थोडा वेळ पाळण्याची दोरी ओढत राहिला. “मी ऐकलंय ते. तू मागाहून किती रडली होतीस, ते मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं,” म्हणाला आणि उठून गेला. जाताना माईक सोडून त्याने तिच्या हातात दिला होता.

पेटीला शिकायला वेळ लागला. मग एका सकाळी नसरीनने हाक मारली. या वेळी पडद्यावर पांढरं जास्त होतं आणि राखाडी कमी. अंदाज बरोबर दिशेने निघाला की यंत्राला खरे तुकडेही नीट ओळखता येतात, असं ती म्हणाली. लहानूबाबा खांबाला टेकून बसले. थाळी गुणगुणू लागली, अगदी कथेच्या सुरात, आणि त्या सुरात एक मिश्कील म्हातारा बोलू लागला.

“बघा रं, साहेब दळाया बसला. जातं फिरवतोय, फिरवतोय, पीठ काय पडत नाही.”

हसू. तेच.

“हसू नका. हसलात का त्याला समजंल, देव आला नाही म्हणून.”

मग एका बाईचा आवाज, अगदी जवळून. “मामा, पोर भुकेजलंय. पाजू का?”

“पाज की. पाठ कर तिकडं. त्याच्या डबीत आपलं दूध कशाला?”

रोशनीने नकळत रुनूला छातीशी ओढलं. भय कसलं, भूत कसलं! बाई पोराला पाजत होती. इतकी वर्षं परदेशातल्या काचेआड ती भुताला भिऊन बसली होती आणि तिकडे तिचं पोर पोटभर पीत होतं.

थाळी चालूच होती. “आता नीट ऐका. उद्या हा देवाची जागा विचारील. धाकल्या टेकडीवर न्या त्याला. तठं शेंदूर फासा, नारळ ठेवा. मी घुमून दाखवीन. वर न्यायचं नाही. वरचं माझ्या पोरांच्या पोरांनीपण असल्या डबीला सांगायचं नाही.” आणि मग, ज्यांना माहीत नव्हतं अशा कुणा तरुणांसाठी असेल, त्याने वरच्या पाण्याचं नाव सांगितलं, वाट सांगितली, तिथे काय आहे ते सांगितलं.

फिल्म संपली. मनोहर उभाच होता.

“म्हणून नकाशात देवाची खूण धाकल्या टेकडीवर आहे,” तो हळूच म्हणाला. “म्हणून कंपनी म्हणते, टेकडी तुमची, ती ठेवा, वरचा डोंगर मोकळा.” मग एकदम, “पण हे तर जबरदस्त आहे! पणज्याने स्वतः सांगितलंय वर काय आहे ते. हेच लावू!”

“तो काय म्हणाला, ऐकलंस ना? डबीला सांगायचं नाही.”

दोघांनीही बाबांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला होता. “माझ्याकडून अवेळी कथा घेतली,” ते म्हणाले, “आणि माझा आजा तठं चेष्टा करत बसला होता!” ते उठले, गोठ्यात गेले. तिथून नुसता वैरणीचा आवाज येत राहिला. कुणाची मागे जायची छाती होईना. बऱ्याच वेळाने दारात उभे राहून म्हणाले, “ते जात्याचं परत लाव.”

रोशनीने लावलं. बाबा हसले. पुन्हा लावायला लावलं, आणि इतके हसले की खोकला लागला.

“मी लहान असताना मेला तो. त्याचा आवाज विसरलो होतो,” डोळे पुसत ते म्हणाले. “पोरी, वरचं दाखवायचं नाही. आणि या पेटीच्या पोटातून माझी कथा काढ. तिला घरी जाऊ दे.”

नसरीनने त्यांच्यासमोर कथा पुसली. अंगणात ज्या कथेने बायका रडल्या होत्या, सुनावणी जिंकून देणारी ती, पुसली गेली.

*

नाशिकच्या सुनावणीत रोशनीने फिल्म लावली ती फक्त ऐकू आलेल्या आवाजासह. जिथे अंदाज होता तिथे तिने आवाज बंद ठेवला होता. जात्याच्या वाक्याला मागच्या बाकावरचा शिपाई फिसकन हसला. बाई पोराला पाजतेय हे कळल्यावर सुनावणी घेणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. शेवटी पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं आली, ‘इथलं नीट ऐकू आलं आहे. दाखवणार नाही.’

कंपनीचे वकील उठले. “वा! म्हणजे सोयीचं तेवढं ठेवलं, गैरसोयीचं कापलं. आणि जे ऐकवलं त्यातून काय दिसतं? यांच्या पूर्वजांनी साहेबाला चक्क फसवलं. मग आजचा दावा तरी खरा कशावरून?”

मनोहरने मान खाली घातली. रोशनी उभी राहिली. कडेवरची रुनू वकिलांच्या टायकडे टक लावून बघत होती.

“फसवलं, बरोबर आहे,” ती म्हणाली. “बंदूक घेऊन देवाचं घर विचारायला आलेल्या माणसाला तुम्ही काय सांगितलं असतं? आणि सोयीचं मी ठेवलं नाही, सर. सोयीचं बनवलं होतं. आख्खी कथा, डोंगराच्या नावासकट, तुमच्या संग्रहालयाने बनवली तशीच. ती पुसून आले.”

“पण त्या काळ्या भागात आहे काय?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“आम्हाला माहीत आहे.”

“मग सांगा.”

“मॅडम, ते यंत्राला सांगायचं नाही असं जिव्याबाबा स्वतः म्हणालेत. इथं चार यंत्रं चालू आहेत. माणसाला सांगता येईल. पण माणसाने यायला हवं.”

खोलीत चुळबुळ झाली. अध्यक्षबाईंनी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. “किती चढ आहे?” त्यांनी विचारलं.

*

त्या आल्या. लहानूबाबांनी पायथ्याशी सगळ्यांना वहाणा काढायला लावल्या. फोन, घड्याळं, कंपनीच्या मोजणीदाराचं यंत्र, सगळं सागाच्या झाडाखाली गोधडीवर ठेवलं. रोशनीनेही आपला कॅमेरा त्यांच्यात ठेवला. इतकी वर्षं तो खांद्यावर होता की चढताना तिला एका बाजूला झुकल्यासारखं वाटत राहिलं.

वाटेत कंपनीच्या लाल खुंट्या होत्या. त्या ओलांडून, दोनदा बसून, अध्यक्षबाई वर पोचल्या. तिथे जे होतं ते त्यांनी बराच वेळ पाहिलं. बाबांनी पळसाच्या पानात पाणी दिलं. बाई प्यायल्या. मग पर्समधून कागद-पेन काढून त्यांनी विचारलं, “याला काय म्हणता तुम्ही?”

बाबांनी वाकून त्यांच्या कानाशी नाव सांगितलं. बाईंनी ते ओठांनी एकदा घोळवून पाहिलं, मान हलवली, आणि पेनला टोपण लावलं.

“त्या लाल खुंट्या तुमच्या ना?” त्या मोजणीदाराकडे वळल्या. “उतरताना काढून घ्या. लेखी आदेश उद्या मिळेल.”

वाटेवर मोजणीदार खाली वाकून पहिली खुंटी हलवू लागला. ती घट्ट बसली होती. मनोहर पुढे होऊन त्याला हात लावायला गेला. सवयीने रोशनीचा हात खांद्याकडे गेला. तिथे कॅमेरा नव्हता, रुनूचा पाय होता. तो तिने हातात धरला आणि नुसती बघत राहिली.